अंग चोरू नका

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. निलोफर शेख लोड झोडपत होती. एक लोड उचलायचा, भिंतीला टेकवायचा आणि आत बसलेला कापूस पुन्हा फुगेपर्यंत दोन्ही तळव्यांनी बडवायचा. चिकलठाण्याला जालना रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या एका खासगी प्रसूतिगृहाचा हा पहिला मजला. खाली नोंदणी, औषधं, सोनोग्राफीची रांग. वर एक लांबट खोली, निळ्या चटया आणि दोन पंखे. गरोदर बाईनं कुशीवर झोपताना वरच्या गुडघ्याखाली काहीतरी मऊ घेतलं की कमरेला ताण बसत नाही. त्यासाठी बाजारात फोमच्या उशा मिळतात. इथले लोड कापसाचे आहेत. निलोफरच्या वडिलांनी, गयासभाईंनी ते भरून दिलेत. रोशन गेटच्या बाजूला त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे.

"अब्बा म्हणतात, कापूस झोडल्याशिवाय मोकळा होत नाही," ती म्हणाली. "बायकांचं नेमकं उलटं असतं."

निलोफरचं वय एक्केचाळीस. नर्सिंग करून ती शहरातल्या दुसऱ्या एका दवाखान्यात अकरा वर्षं प्रसूतीच्या खोलीत होती. कमरेतली चकती सरकली आणि रात्रपाळी बंद झाली. नवरा नोमान शाळेची व्हॅन चालवतो. दोन मुलं आहेत, घरी बसून चालणार नव्हतं. इथल्या डॉक्टरीणबाईंना गर्भवतींसाठी वर्ग सुरू करायचा होता. त्यांनी तिला पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं. प्रशिक्षण अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत झालं. येताना मराठीतलं एक माहितीपत्रक मिळालं. त्यात 'शिथिलीकरण' असा शब्द होता. पहिल्याच आठवड्यात तिनं त्यातलं 'आपले शरीर शिथिल करा' हे वाक्य वाचून दाखवलं. मागच्या रांगेतून आवाज आला, "शीतल? मग पंखा वाढवा ना सिस्टर." पत्रक कपाटात गेलं ते पुन्हा बाहेर आलं नाही.

मग शब्द तिचे तिलाच शोधावे लागले. निलोफर घरी दखनी बोलते आणि मराठी शाळेत शिकली. मराठी ती भरभर बोलते, पण शिकवताना वाक्य आधी दखनीत तयार होतं. सांस छोडो, बदन ढीला छोडो. त्याचं मराठीत झालं, श्वास सोडा, अंग सोडा. चार वर्षं हेच चाललं. कुणी हरकत घेतली नाही. ज्यांना खटकलं असेल त्या गप्प राहिल्या असाव्यात. दवाखान्यात गप्प राहण्याची सवय बायकांना असतेच.

वर्गात काय शिकवतात, याबद्दल बाहेर बऱ्याच कल्पना आहेत. कुणाला वाटतं योगासनं, कुणाला वाटतं गर्भसंस्कार, एका सासऱ्यांनी तर खाली विचारलं होतं की इथं पोरगा होण्याचं काही सांगतात का. निलोफर यातलं काहीच सांगत नाही. वर्गामुळे कळा कमी होतात असं ती म्हणत नाही. ऑपरेशन टळतं असंही म्हणत नाही. तिचं म्हणणं साधं आहे. कळ आली की बाई खांदे कानापर्यंत नेते, दात आवळते, मुठी वळते आणि श्वास धरून ठेवते. कळ असते पोटात, दमतं सगळं अंग. दोन कळांच्या मध्ये निसर्गानं ठेवलेला विसावाही मग वाया जातो. तो वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

अमृता या वर्गात आली ती सातव्या महिन्यात. वय चोवीस. एका विमा कंपनीच्या कार्यालयात ती संगणकावर नोंदी करायची. नवरा अभय चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, पाळ्यांमध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असते, पण अमृताची आई हयात नाही. त्यामुळे सासू, मुक्ताबाई, बीड रस्त्यावरच्या पाचोडहून दोन म्हशी नवऱ्याच्या भरवशावर सोडून मुक्कामाला आल्या होत्या.

रक्तदाब मोजायला पट्टा बांधला तरी अमृता श्वास धरून ठेवायची. निलोफरच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

"दुखण्याला भितेस?" तिनं विचारलं.

"दुखण्याला नाही सिस्टर. त्या खोलीत माझ्यावर कुणी ओरडेल, त्याला."

चुलतबहिणीच्या बाळंतपणाच्या वेळी तिनं दाराबाहेरून ते ऐकलं होतं. इथल्या दवाखान्याचा नियम असा की प्रसूतीच्या खोलीत बाईसोबत घरची एकच बाई राहू शकते. अमृतासोबत मुक्ताबाईच राहणार होत्या. आणि मुक्ताबाईंचा आवाज, सुनेच्या शब्दांत, "या बांधावरून त्या बांधावर जातो." अमृता सासूला आत्या म्हणते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि दोघी एका छपराखाली सलग राहण्याची ही पहिलीच वेळ. सासू आपल्याला सावरणार की आणखी घाबरवणार, हे तिला माहीत नव्हतं. दुसरं कुणी नव्हतंच.

बुधवारी सोबतीचा वर्ग असतो. जी बाई आत राहणार तिनं यायचं आणि गर्भवतीच्या चटईशेजारी बसायचं. मुक्ताबाई आल्या, भिंतीला टेकून बसल्या. जय भीम झालं, पाणी झालं. निलोफरनं पंखे कमी केले आणि नेहमीच्या हळू आवाजात सुरू केलं.

"डोळे मिटा. खांदे सोडा. हात सोडा. आता सगळं अंग सोडा. श्वास हळूहळू सोडा. काहीच धरून ठेवू नका, सगळं सोडून द्या…"

"ओ बाई!"

डोळे उघडले. मुक्ताबाई उभ्या होत्या.

"मघापासनं काय सोड सोड लावलंय? पहिलटकरीन हाय ती. अंग सोड म्हनता, श्वास सोड म्हनता. मंग ऱ्हायलं काय तिच्यापाशी?"

दुसऱ्या रांगेत कुणीतरी हसलं. मुक्ताबाई तिकडं वळल्या. "हसू नका. अंग बाहेर आलेल्या बायका बघितल्यात का तुम्ही? आमच्या गल्लीत दोन हायत. बसता येत नाय, उठता येत नाय. आन हितं पैशे भरून अंग सोडायला शिकवायलेत. उठ गं अमृता."

"आत्या, तसं नाहीये ते…"

"उठ म्हनलं ना."

अमृता उठली. जाताना तिनं एकदा मागं पाहिलं. निलोफर हातात लोड घेऊन उभी होती.

मुक्ताबाईंनी घेतलेला अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही. मराठीत माणूस देह सोडतो. नवरा बायकोला सोडतो. आणि गर्भाशय खाली सरकण्याच्या दुखण्याला खेड्यातल्या बायका 'अंग बाहेर येणं' म्हणतात. हे दुखणं निलोफरला कामामुळे चांगलं माहीत होतं. आपल्याच वाक्यात ते दडलंय, हे मात्र तिला चार वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं.

गुरुवारी अमृता आली नाही. शुक्रवारीही नाही. निलोफरनं अभयला फोन लावला.

"मॅडम, आई ऐकतच नाही," तो म्हणाला. मागे यंत्रांचा आवाज होता. "म्हणते, ती बाई चांगली असंल पण तिची जीभ बरी नाही. मी काय बोलू? मी बोललो की म्हणते, तू जन्मलास तवा कोणत्या वर्गाला गेले होते मी."

वर्गाला न येणाऱ्या बायकांच्या मागे लागण्याची पद्धत इथं नाही. वर्ग सक्तीचा नाही. निलोफर तरी शनिवारी दुपारी त्यांच्या घरी गेली. का गेली, याचं तिचं उत्तर कामापुरतं आहे. "ती पोरगी श्वास धरणारी होती. आणि आत कोण जाणार ते ठरलेलं होतं. सासूला वगळून मला काही करता येणार नव्हतं."

दोन खोल्यांचा फ्लॅट, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली खुर्ची. निलोफरला ती खुर्ची दिली गेली. मुक्ताबाई खाली मेथी निवडत बसल्या होत्या.

"बसा सिस्टर. तुमच्यावर राग नाय माझा."

"राग असला तरी चालेल मावशी. काय चुकलं ते सांगा."

मुक्ताबाईंनी चार काड्या खुडल्या. मग म्हणाल्या, "माझी धाकटी बहीन होती, लीला. बाळंतपनात अडली, तवा तिला जीपमधी घालून हिकडं आनायलो होतो. आडूळच्या पुढं, माझ्या मांडीवर. संग एक बाई होती, ती म्हनली, सोडलं तिनं. येवढंच. काय सोडलं ते बी सांगितलं नाय. आन आता तोच शब्द माझ्या सुनंच्या डोक्याशी बसून."

अमृता चहा घेऊन आली. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तेवढ्यात मुक्ताबाईंचा फोन वाजला. पाचोडहून नवरा, कडुबा. हात मेथीनं भरलेले, म्हणून त्यांनी कोपरानं फोन अमृताकडं सरकवला. तिनं स्पीकर लावला.

"अगं, ही चंद्री धारच देईना. सकाळच्याला बी नाय दिली. आता काय करू?"

"तुम्ही आरडला असाल तिच्यावर."

"कुठं आरडलो?"

"मंग आता कोन आरडायलंय? ऐका. लगेच कासंला हात घालू नका. आधी पाठीवरनं हात फिरवा. हळू बोला. अंग चोरायली ती, तुमच्या हाताला भ्याली. अंग चोरलं की पान्हा बी चोरती."

"किती येळ फिरवू? मला बाजाराला जायाचंय."

"मंग बाजारातनंच दूध आना!"

फोन बंद झाला. अमृता हसत होती. निलोफर हसत नव्हती, ती खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती.

"मावशी, हे काय म्हणालात? अंग चोरणं?"

"व्हय. म्हैस घाबरली की अशी आकसती." मुक्ताबाईंनी खांदे वर घेऊन, मान आत ओढून दाखवलं. ज्या अवस्थेसाठी निलोफरजवळ चार वर्षं नेमका शब्द नव्हता, ती अवस्था मेथीच्या जुडीसमोर बसली होती.

"मी हेच शिकवते. अगदी हेच."

"म्हशींना?"

"बायकांना. कळ आली की त्या अशाच आकसतात. आकसू नका, एवढंच सांगायचं असतं मला."

मुक्ताबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. "मंग तसं म्हनावं ना बाई. अंग चोरू नको म्हनावं. लहान पोराला आंघूळ घालताना बी आमी तेच म्हनतो. श्वास चोरू नको म्हनावं. त्यात वंगाळ काय हाय? तुमी सोड सोड करून बसलात."

"आत्या, म्हणजे मला चंद्रीच्या दावणीला बांधलं का?" अमृता म्हणाली.

"चंद्री बरी. तिला कळतं तरी, आपलं मानूस कोन."

पुढच्या बुधवारी दोघी वर्गाला आल्या. याचा अर्थ मुक्ताबाई लगेच वर्गाच्या झाल्या असा नाही. पहिल्या कळेपासून जोर लावायचा असतो, यावर त्या ठाम होत्या. गर्भाशयाचं तोंड पुरतं उघडेपर्यंत जोर लावायचा नसतो, खोलीतली माणसं सांगतील तेव्हाच लावायचा, हे निलोफरनं चित्र काढून समजावलं. मुक्ताबाईंनी चित्र उलटं धरून पाहिलं आणि सुलटं धरून पाहिलं.

"आमच्या येळंला तर आल्या आल्या म्हनायचे, जोर लाव, जोर लाव."

"मग खऱ्या वेळी जोर उरायचा का मावशी?"

"कुठला उरतोय," त्या म्हणाल्या, आणि चित्र परत दिलं.

उरलेल्या आठवड्यांत त्यांनी एक काम मन लावून केलं. अमृता कुशीवर झोपली की तिच्या पाठीवर तळहात ठेवायचा आणि तो हलवत राहायचा. हा हात सरावलेला होता, शिकवावा लागला नाही. अमृता टीव्ही बघताना, भाजी चिरताना खांदे वर घेऊन बसली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अंग चोरायलीस गं!" तो आवाज बांधावरून बांधावर जाणाराच होता. पण आता त्याची भीती वाटत नव्हती, असं अमृता सांगते. कंटाळा मात्र आला होता.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात एका पहाटे कळा सुरू झाल्या. अभयची पहिली पाळी होती, ती त्यानं सोडली. सकाळी सातला तिघं दवाखान्यात पोहोचले. त्या दिवसाची हकिगत सासू आणि सून वेगवेगळी सांगतात. मुक्ताबाईंच्या म्हणण्याप्रमाणे सगळं शांततेत झालं. अमृताच्या म्हणण्याप्रमाणे ती दुपारी किंचाळली, चादर फाडली आणि सासूला म्हणाली, "आत्या, आता एक शब्द बोललात तर बघा." यानंतर मुक्ताबाई खरोखरच गप्प बसल्या, यावर दोघींचं एकमत आहे. हात तेवढा पाठीवर फिरत राहिला. निलोफर वर्ग संपवून दोनदा डोकावून गेली. तिची कामाची जागा वरची खोली, इथं तिला पाहुण्यासारखंच यावं लागतं.

चार वाजायच्या सुमारास बाळाचे ठोके मंदावले. डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडं पाहिलं, अमृताला डाव्या कुशीवर वळवलं आणि शांतपणे सांगितलं, "थोडं बघू. नाहीतर ऑपरेशन करावं लागेल." त्या तयारीचं सांगायला दाराशी गेल्या.

कुणी ओरडलं नाही. खोलीत फक्त यंत्राचा आवाज होता. तेव्हा अमृताच्या लक्षात आलं की पाठीवरचा हात थांबलाय. नुसता थांबला नव्हता, दगडासारखा जड झाला होता. तिनं मान वळवली. मुक्ताबाईंचे खांदे कानापाशी गेले होते. डोळे भिंतीवर. श्वास चालू असल्याची काही खूण नव्हती. अमृताला जीपमधली लीला आठवली. ती तिनं कधी पाहिली नव्हती.

"आत्या," ती म्हणाली. "अंग चोरायलात तुम्ही."

"मी कशाला चोरू?"

"श्वास पण चोरायलात."

मुक्ताबाईंनी श्वास टाकला. तो इतका मोठा होता की दाराशी उभ्या नर्सनं वळून पाहिलं. मग हात पुन्हा फिरू लागला. पुढची कळ आली तेव्हा दोघींनी मिळून फुंकर घातली. वर्गात मेणबत्तीची कल्पना करून घालतात तशी, मध्येच मुक्ताबाईंची शिट्टी वाजली तरी.

ठोके सावरले. ऑपरेशनची तयारी झाली होती, पण ते करावं लागलं नाही. संध्याकाळी सव्वासहाला मुलगी झाली. शेवटी बाळ ओढून घ्यायला व्हॅक्यूम लावावा लागला, टाके पडले. वजन पावणेतीन किलो. कळा, अमृता सांगते, वर्गात सांगितल्यापेक्षा बऱ्याच जास्त होत्या. मुलीचं नाव ठरायला महिना गेला, घरात दोन गट पडले होते.

वर्गाचा उपयोग झाला का, या प्रश्नावर निलोफर लगेच हो म्हणत नाही. "ठोके का सावरले ते डॉक्टर सांगतील. कुशीवर वळवलं म्हणून असेल. बाळ खाली सरकलं म्हणून असेल. ती कुशीवर वळली तेव्हा आकसलेली नव्हती, एवढं मी म्हणेन." मग म्हणते, "आणि एकटी नव्हती. सासू मात्र दहा मिनिटं एकटी पडली होती. तिच्या पाठीवर कुणाचा हात होता?"

यातून दोन गोष्टी बदलल्या. पहिली, वाक्य. मराठी बोलणाऱ्या बायकांना निलोफर आता 'अंग चोरू नका, श्वास चोरू नका' असं सांगते. दखनी बोलणाऱ्यांना 'ढीला छोडो' तसंच आहे, तिथं त्या शब्दाचा कुणाला त्रास नाही. एका श्वासात ती दोन्ही म्हणते आणि कुणाला विचित्र वाटत नाही. पंखा वाढवायलाही कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट बुधवारची. पूर्वी सोबतीला आलेली बाई भिंतीला टेकून बसायची आणि पाहायची. आता आधी तिलाच आडवं व्हावं लागतं. सासू असो, आई असो, नणंद असो. खांदे खाली, जबडा सैल, श्वास मोकळा. गर्भवतीनं तिच्या पाठीवर हात ठेवून बघायचं की ती अंग चोरतेय का. बहुतेक जणी चोरतात. सासवा पदर सावरत कुरकुरतात, सुना त्यांना पकडून देतात, आणि या भागाला वर्गात सगळ्यात जास्त हशा होतो. तो पंधरा मिनिटं चालतो. गर्भवतींची पाळी त्यानंतर.

मुक्ताबाई सव्वा महिना राहून पाचोडला परतल्या. चंद्री त्यांना पाहून हंबरली आणि तिनं त्याच दिवशी दूध दिलं, असं कडुबांनी फोनवर सांगितलं. कडुबांना याचा अजून राग आहे.

मंगळवारचा वर्ग साडेदहाला सुरू होऊन बाराला संपला. निलोफरनं चटया गुंडाळल्या, पंखे बंद केले आणि लोड गोळा केले. ते तिनं मधल्या रांगेत, गर्भवतींच्या जागी, रचले नाहीत. भिंतीकडच्या रांगेत रचले. उद्या बुधवार आहे. साडेदहाला आधी त्या रांगेतल्या बायका आडव्या होतील.